मासा न्हाय, बाभूळ हाय

पाण्याखालच्या बाभळीइतका दमदार मासा आपल्याकडच्या धरणांत दुसरा नाही. गळाला लागली की ती पळत नाही, उसळी मारत नाही, दमत तर मुळीच नाही. नुसती असते. आणि तिच्या नुसत्या असण्याने काठावरच्या माणसाला दरदरून घाम फुटतो. काठी मुठीपर्यंत वाकते, गळाचा ताणलेला तंगूस वाऱ्यावर गुणगुणायला लागतो, चष्मा नाकावरून घसरतो आणि "मोठा आहे! मोठा आहे!" अशी आरोळी उठते. शेजारचे आपापले गळ टाकून धावत येतात. एकजण जाळी आणतो, दुसरा मोबाइल काढतो, तिसरा ओढणाऱ्याच्या कमरेला मिठी मारून उभा राहतो, कारण मासा फार मोठा असला तर माणूसच आत जातो असं त्याने कुठंतरी ऐकलेलं असतं.

मग शेरडं वळणारा एखादा म्हातारा बांधावरून शांतपणे सांगतो, "सायेब, मासा न्हाय. बाभूळ हाय ती."

यानंतर जे घडतं ते बघायला मी उजनीच्या काठी जातो. मी स्वतः गळ टाकत नाही. गळवाल्यांच्या टोळीत डबे सांभाळायला एक माणूस लागतो, ते काम माझ्याकडे आहे. जेवणाचे डबे वेगळे आणि गांडुळांचे वेगळे, आणि दुपारी भुकेच्या घाईत त्यांची अदलाबदल होऊ नये, एवढीच जबाबदारी. बाकी वेळ मोकळा असतो.

तर, म्हाताऱ्याचं म्हणणं कोणी मान्य करत नाही. पुण्याहून अंधारात निघालेल्या, भिगवणपर्यंत झोपेत आणि पुढं कच्च्या रस्त्याने आदळत आलेल्या माणसाला आपण झाड धरलंय हे पचणं जड जातं. "हलतंय बघा!" तो म्हणतो. हलतंच. फांदी ओढली की वाकते, ढील दिली की मागे जाते, त्यामुळे तंगुसातून हाताला जे कळतं ते थेट जिवंत वाटतं. पाण्यावर लाटा असल्या तर बाभूळ अधूनमधून हिसकाही देते. जाणकार सांगतात की मासा ओढतो तेव्हा डोकं झटकल्याचे ठोके हाताला येतात, ओढीची दिशा बदलते आणि तंगूस पाणी कापत बाजूला सरकत जातो. झाडाचा तंगूस जिथं पाण्यात शिरला तिथंच शिरलेला राहतो. परीक्षा इतकी सोपी आहे. फक्त ती दुसऱ्याच्या गळालाच लावता येते.

उजनी हे धरणही चमत्कारिक. भीमेवर १९८० साली ते पुरं झालं, त्याच्या पाण्याला यशवंतसागर असं नाव मिळालं. एकूण साठा ११७ टीएमसीच्या घरात, पण त्यातला ६३ टीएमसी सरकारी भाषेत 'मृत'. म्हणजे उपयोगी पाण्यापेक्षा मेलेलं पाणी जास्त. त्यामुळे उन्हाळा आला की सोलापूरचा माणूस पेपरात 'उजनी उणे तीस टक्के' ही बातमी चहाचा घोट न सांडता वाचतो. शून्याच्या खाली पाणी कसं असतं हे बाकी महाराष्ट्राला समजावून द्यावं लागतं. सोलापूर जिल्ह्यातल्या पोरांना ऋण संख्या शाळेत शिकवण्याची गरज नसावी. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या उंबऱ्याशी गेली आणि त्याच पावसाळ्यात शंभरावर भरली. मासे या हिशेबाकडे लक्ष देत नाहीत. ते मृत साठ्यात राहतात आणि ठणठणीत असतात.

पाण्याच्या या चढउतारानेच झुडपांचा सगळा घोटाळा करून ठेवला आहे. कुठल्याही धरणासाठी जमीन जाते तेव्हा झाडांचीही मोजदाद होते. आंब्याला एक दर, चिंचेला एक, बाभळीला एक. कामाचं लाकूड लोक पाणी यायच्या आत तोडून नेतात. मागे राहतात ते बुंधे, विहिरींचे कठडे, गोठ्यांच्या भिंती. इथं पळसदेवचं पळसनाथाचं जुनं दगडी देऊळही पाण्याखाली गेलं. पाणी फार उतरलं की ते वर येतं आणि लोक दर्शनाला, खरं म्हणजे फोटोला, रांग लावतात. पण ते चाळीस वर्षांपूर्वीचे बुंधे आता थकले. खरा उपद्रव आहे तो नव्या भरतीचा. पाऊस रुसला की पाणी दूरवर मागं सरतं. उघड्या पडलेल्या गाळावर गाळपेर होते, कोणी कलिंगडं लावतं, कोणी वैरण. आणि जिथं नांगर पोचत नाही तिथं वेडी बाभूळ माजते. तिला कोणी लावत नाही, पाणी देत नाही, दोन साल दुष्काळ पडला की तिचं रान तयार. मग एका चांगल्या पावसाळ्यात धरण तुडुंब भरतं आणि ते रान उभंच्या उभं पाण्यात जातं. पाण्याखाली लाकूड लवकर कुजत नाही, कारण ते कुजवणाऱ्या बुरशीला हवा लागते. पातळीच्या आसपास ओल्या-सुक्या होणाऱ्या फांद्या तेवढ्या गळून पडतात. म्हणजे जी फांदी दिसली असती ती जाते. न दिसणारी पक्की राहते.

झाडं कमी पडली तर शेतकऱ्यांच्या मोटारी आहेत. काठाकाठाने पाइप, केबली, दोर पाण्यात गेलेले, आणि प्रत्येक पाइपच्या टोकाला फुटबॉल. फुटबॉल म्हणजे पाणी उलटं फिरू नये म्हणून बसवलेली ती झडप. गावात तिला दुसरं नाव नाही. कोणाचा गळ फुटबॉलला लागला की प्रसंग गंभीर. बाभूळ निदान तोंडाने काही बोलत नाही. मोटारीचा मालक बोलतो.

एवढं धरणभर मोकळं पाणी पसरलेलं असताना नेमका झुडपातच गळ टाकायचा कशाला, असं मी एकदा टोळीला विचारलं होतं. त्यांनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं. मोकळ्या पाण्यातून मासा जातो, राहतो झुडपात. बुडालेल्या फांदीवर शेवाळ धरतं, शेवाळात किडे होतात, किड्यांसाठी बोटाएवढे मासे येतात, आणि त्यांच्यासाठी हातभर मासे सावलीला दबा धरून बसतात. वरून पाणकावळ्याला सूर मारता येत नाही. मच्छीमार तिथं कांडाळ जाळं लावत नाहीत, फाटतं. मच्छीमार सोसायटीच्या जाळ्यातून सुटलेला, दोन उन्हाळे काढून शहाणा झालेला जो काही मासा धरणात आहे तो झुडपात आहे. बाकीचा भिगवणच्या हॉटेलात ताटात आहे.

तेव्हा गळवाल्यांचा पहिला नियम असा की जिथं अडकत नाही तिथं मासा नाही. याचा उलटा अर्थ, म्हणजे जिथं अडकतं तिथं मासा असतोच, हा काही खरा नाही. पण अडकून बसलेल्या माणसाला त्याचाच आधार असतो आणि तो काढून घेणं बरं दिसत नाही.

हा नियम जगभर माहीत आहे. आसामात लोक बिलांमध्ये, म्हणजे तिथल्या तळ्यांमध्ये, मुद्दाम झाडांच्या फांद्या रोवून ठेवतात, मासे जमले की भोवती जाळं लावून फांद्या उपसतात. आफ्रिकेत बेनिन देशातल्या खाजणात हेच फार मोठ्या प्रमाणावर चालतं, तिथं त्याला अकाजा म्हणतात. अमेरिकेत तर नाताळ आटोपला की घराघरांतली सजावटीची झाडं गोळा होतात, त्यांना सिमेंटचे ठोकळे बांधतात आणि ती तलावांत बुडवतात. हे काम तिथली सरकारी खाती करतात. मग गळवाले त्या बुडवलेल्या झाडांच्या जागा यंत्रात नोंदवून ठेवतात आणि सख्ख्या भावालाही सांगत नाहीत. आपल्याकडे हेच काम वेडी बाभूळ बिनपगारी करते, तर तिला शिव्या.

गळ अडकल्याची खबर काठावर कशी पसरते कोण जाणे. ज्यांना चार हाका मारूनही ऐकू येत नाही ते लांबून उठून येतात. सल्ले सुरू होतात. एकजण म्हणतो "ओढा." दुसरा म्हणतो "अजिबात ओढू नका." तिसरा काही न बोलता काठी हातातून घेतो, दोन झटके देतो, होता त्यापेक्षा पक्का करून परत देतो आणि "आता धरा" म्हणून जागेवर जाऊन बसतो. अशा गर्दीत एखादा हमखास म्हणतो, "पलीकडून ओढा." शास्त्राच्या दृष्टीने याच्याइतका बरोबर सल्ला नाही. गळ ज्या दिशेने फांदीत शिरला त्याच्या उलट दिशेने ओढला तर तो अलगद सुटतो, अमेरिकेपासून आसामापर्यंत सगळे हेच सांगतील. फक्त पलीकडे म्हणजे धरणापार, करमाळा तालुका.

खरं तर अडकल्याबरोबर करायची गोष्ट एकच, ती म्हणजे काही न करणं. पुष्कळदा गळ रुतलेला नसतो. फांदीवरून नुसता पलीकडे लोंबत असतो. ढील दिली, काठीचं टोक खालीवर हलवलं, की शिसाच्या वजनाने तो मागच्या मागे उतरतो. पण माणसाचा हात असा घडलेला नाही. काही धरलं गेलंय असं वाटताक्षणी तो हिसका मारतो, आणि लोंबणारा गळ लाकडात बसतो. तो बसल्यावर मग ढील देण्याची आठवण होते. पुढचा उपाय म्हणजे तंगूस दोन बोटांत धरून ताणायचा आणि एकदम सोडून द्यायचा. तो झटक्याने मागे जातो आणि कधीकधी गळालाही मागे ढकलतो. हे करताना माणूस फार विद्वान दिसतो. सुटलं नाही तरी बघणाऱ्यांचं मत चांगलं होतं.

काहीच जमलं नाही की तोडायचं. तोडायचीही रीत आहे. तंगूस हाताला गुंडाळायचा नाही, विशेषतः हल्ली मिळणारा विणलेला दोरा तर नाहीच, तो बोटं कापतो. काटकीला गुंडाळायचा, काठी सरळ धरायची म्हणजे तिचं टोक मोडत नाही, आणि तोंड दुसरीकडे फिरवायचं. कारण शिसं सुटलं तर पाण्यातून थेट परतीच्या वाटेला लागतं आणि ती वाट ओढणाऱ्याच्या डोळ्यांवरून जाते. एवढा सगळा बंदोबस्त करून पाठमोरा उभा राहिलेला, काटकी ओढणारा माणूस लांबून बघितला तर तो मासे धरायला आलाय हे कोणाला सांगूनही पटणार नाही.

टोळीत एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. ते गेलेला प्रत्येक गळ, शिसं, रबरी बेडूक वहीत मांडतात. त्या रकान्याला त्यांनी 'बुडीत' असं नाव दिलंय आणि नोकरीत तो शब्द वापरताना जे दुःख व्हायचं त्याचा आता मागमूस नाही. उलट हा आकडा वाढला की त्यांना आपण योग्य ठिकाणी गळ टाकत असल्याची खात्री वाटते. ज्याचा रकाना कोरा, तो त्यांच्या मते काठावर हवा खायला येतो. असं म्हणताना ते माझ्याकडे बघतात.

त्यांच्या शेजारी बसणारा गडी म्हणजे हायवेवर पंक्चर काढणारा. त्याच्याकडे बांबूची काठी, तंगुसाची रिळं आणि खिशात नट. शिसं तो विकत घेत नाही. दुकानात निघालेले जुने नट, स्पार्क प्लग, नाहीतर रस्त्यावरचा दगड, जे असेल ते तो कच्च्या सुती दोऱ्याने तंगुसाला बांधतो. वजनच सगळ्यांत आधी झुडपात अडकतं. मग ओढलं की सुती दोरा तुटतो, नट जातो, गळ नि मासा वर येतो. ही हिकमत इंग्रज गळवाल्यांच्या पुस्तकांतही सापडते, पण त्याने ती कोणाकडून घेतलेली नाही, दोनतीन दिवस गळ विकत घेतल्यावर ती आपोआप सुचते. पुण्याची मंडळी याच कामासाठी टंगस्टनचं वजन आणतात, कारण ते शिशापेक्षा जड आणि म्हणून आकाराने लहान, फटीत कमी अडकतं. किमतीचं विचारलं तर सांगत नाहीत. घरी कळेल म्हणून.

अडकू नये म्हणून माणसाने केलेल्या खटपटी मात्र बघण्यासारख्या आहेत. ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी निक क्रीम नावाच्या गृहस्थाने १९४९ साली मऊ प्लास्टिकचं गांडूळ तयार केलं. पुढे त्याने टेक्सासातल्या टायलर गावी बस्तान हलवलं. त्या भागातली धरणं बुडालेल्या झाडांनी भरलेली, म्हणजे तिथलेही लोक आमच्यासारखेच रंजलेले. तिथं एक जोडणी रूढ झाली, तिला टेक्सास रिग म्हणतात. पुढे गोळीच्या आकाराचं निमुळतं वजन, जे फांद्यांतून सरपटत जातं. मागे रबरी गांडूळ. आणि गळाचं टोक त्या गांडुळाच्या पोटातच परत खुपसून ठेवलेलं, म्हणजे बाहेर धरायला काही नाहीच. मासा चावला की जोरात झटका द्यायचा, टोक रबर फोडून बाहेर येतं आणि माशाच्या जबड्यात बसतं. झुडपातून हे सगळं अलगद निघतं. निघतंच. पण फांदीला टेकलं तरी आमचा माणूस मासा समजून तोच जोरदार झटका देतो, टोक रबर फोडून बाहेर येतं आणि बाभळीच्या जबड्यात बसतं.

मरळ धरायला रबरी बेडूक. मरळ हा मासा हवेत श्वास घेतो. पाण्यात राहूनही अधूनमधून वर येऊन हवा गिळल्याशिवाय त्याचं चालत नाही. त्यामुळे झुडपाच्या सावलीत, पाणवनस्पतींच्या गर्दीत पाण्याचा मंद 'गुळ्ळुप' ऐकू आला की टोळी बोलणं थांबवते. बेडकाच्या दोन्ही गळांची टोकं वर, त्याच्या मऊ पाठीला चिकटून असतात. पाण्यावर ओढत आणला की तो पानांवरून, काटक्यांवरून घसरत येतो, कुठं अडकत नाही. मरळीने तोंडात दाबला की बेडूक चपटा होतो आणि टोकं उघडी पडतात. हा बेडूक इतका हुबेहूब आहे की काठावरच्या कुत्र्याने एक पळवला होता. मरळीची पिलं तांबूस-नारिंगी रंगाची, झुंडीने पाण्याच्या वर येतात आणि खाली आईबाप पहाऱ्याला असतात. त्या झुंडीवर बेडूक टाकला तर मरळ चिडून हमखास धरते, म्हणून काहीजण तेच करतात. मला ते आवडत नाही. पंक्चरवाला तर अशा वेळी काठी खाली ठेवतो आणि विडी काढतो. पोरंबाळं घेऊन बसलेल्याच्या दारात जाऊन भांडण काढायचं नसतं, असं त्याचं म्हणणं.

या सगळ्या प्रकरणात आपलं असं फार थोडं आहे. वेडी बाभूळ मूळची अमेरिका खंडातली. चिलापी मासा आफ्रिकेतला, १९५२ साली भारतात आणलेला, आता उजनीवर त्याचंच राज्य. गांडूळ टेक्सासच्या घाटाचं, रील जपानी नावाचं. गळ अडकल्यावर तोंडातून निघतं ते तेवढं अस्सल इंदापूर तालुक्याचं.

हल्ली यंत्रंही आली आहेत. चेंडूसारखं एक यंत्र पाण्यात फेकायचं, ते ध्वनिलहरी सोडतं आणि खाली काय आहे ते मोबाइलवर दाखवतं. टोळीतल्या एका तरुण इंजिनियरने ते आणलं. मोबाइलवर माशांची चित्रं दिसू लागली, लहान, मध्यम, आणि एक प्रचंड. सगळे त्या प्रचंडाकडे गळ टाकायला लागले. प्रचंड जागचा हलेना. दुपारपर्यंत त्याने सगळ्यांचे गळ स्वीकारले. फांद्यांचा गुंता आणि मासा यांतला फरक या यंत्रांना नेहमीच कळतो असं नाही, हे शेवटी इंजिनियरनेच सांगितलं, पण तोवर ते यंत्रही फांदीत बसलं होतं.

समजा मासा खरंच लागला. तरी झुडपाचं काम संपलेलं नसतं. मासा गळाला लागताच पहिल्यांदा घराकडे धावतो, आणि घर झुडपात. तेवढ्या दोन क्षणांत त्याचं डोकं वर उचलून त्याला मोकळ्यात आणलं तर तो आपला. नाहीतर तो दोन फांद्यांना वेढे घालून आत बसतो आणि आता तुमच्या हाती मासा आणि बाभूळ अशी दोन्ही असतात. इथं पुन्हा ढील. तंगूस सैल सोडून वाट बघत बसलं तर ओढ संपल्यामुळे मासा कधीकधी आल्या वाटेने स्वतःच बाहेर येतो. वाट बघायची म्हणजे किती, असं विचारायचं नाही. वाम असली तर विचारूच नये. ती दगडाच्या फटीत शेपटी अडकवून बसते आणि तिला घाई नसते. कोकणातल्या लोकांचे हाल याहून वाईट. खाडीत तिवरांच्या मुळांजवळ तांबोशीसाठी गरवायला बसतात, तिथं मुळांवर कालवं बसलेली, त्यांच्या कडा पात्यासारख्या. तांबोशी मुळात शिरली की तंगूस अडकत नाही, सरळ कापला जातो. एका मालवणी पाहुण्याला मी हे अवघड असेल ना म्हणून विचारलं. तो म्हणाला, "अवघड कसला? लगेच संपता."

मे महिन्यात पाणी उतरतं आणि वर्षभर कोण कुठं अडकलं होतं ते उघड्यावर येतं. गाळात उभ्या असलेल्या बाभळी नवसाच्या झाडासारख्या दिसतात: शिसं, नट, तंगुसाची भेंडोळी, हिरवे-पिवळे रबरी बेडूक, दोन-तीन रंगांची गांडुळं, एखादी अर्धी काठी. काठावरची पोरं सकाळीच ती वेचून नेतात. हे बरंच आहे, कारण फांद्यांना लोंबणाऱ्या तंगुसात चित्रबलाकांचे पाय गुंततात. भिगवणला पक्षी बघायला येणारी मंडळी गळवाल्यांकडे ज्या नजरेने बघतात त्याला कारण आहे. आमचे बँकवाले वही घेऊन झाडाझाडापाशी फिरतात आणि बुडीत खात्यातली वसुली लावतात. पोरं त्यांना भाव सांगतात. घासाघीस होते.

गेल्या उन्हाळ्यात मात्र वेगळंच झालं. टोळीची सगळ्यांत नामी जागा म्हणजे एका जुन्या विहिरीजवळची पाच-सहा बाभळींची जाळी. तिथं सगळ्यांत जास्त गळ गेलेत आणि सगळ्यांत मोठी मरळही तिथंच मिळाली होती. पाणी उतरल्यावर एका शेतकऱ्याने गाळपेरीसाठी ती जागा साफ करायला जेसीबी आणला. टोळी हातातला चहा टाकून धावली. वर्षभर त्या बाभळींच्या सात पिढ्यांचा उद्धार केलेली ही माणसं जेसीबीपुढे हात पसरून उभी राहिली.

"दादा, एवढी सोडा. बाकी रान काय करायचंय ते करा."

"का वो? तुमीच शिव्या देत व्हता की तिला."

"त्या प्रेमाच्या."

शेतकऱ्याने कपाळाला आठ्या घातल्या. त्याच्या बापाची जमीन धरणात गेली होती. सरकारचे अधिकारी तेव्हा झाडं मोजायला आले होते, ते त्याने लहानपणी पाहिलेलं. तो जेसीबीवाल्याला थांबायला सांगून जाळीभोवती एक चक्कर मारून आला, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाला, "सोडतो. पण झाडाची भरपाई द्या."

"बाभळीची भरपाई? वेड्या बाभळीची?"

"वेडीच हाय. पर पाण्याखालच्या झाडाचा दर येगळा बसतो."

बँकवाल्यांनी वही उघडली आणि नवा रकाना आखायला घेतला.